दुपारी पाहिलेला कुत्रा

जालन्यात आणि आसपासच्या तीसेक गावांत मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. बारावीनंतर पशुधनाची पदविका केली आणि कामाला लागलो. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, लसी टोचायच्या, पोट फुगलेल्या शेळीला उतार द्यायचा, अडलेलं वासरू ओढून काढायचं, हे माझं काम. त्यापुढचं दुखणं असलं तर पदवीवाल्या डॉक्टरांना बोलवायचं, हा नियम. बत्तीस वर्षांत हा नियम मी बहुतेक वेळा पाळला. एकदा पाळला नाही, त्याबद्दल लिहितो आहे. संपादकांनी धंद्यातल्या गमती मागितल्या होत्या. गमतीही यात आहेत, पण त्या घडत असताना मला एकदाही हसू आलेलं नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी अंबड रोड आणि मंठा रोडच्या बाजूला फ्लॅटच्या इमारती उठल्या आणि फ्लॅटांमध्ये कुत्री आली. त्याआधी जालन्यात कुत्रा म्हणजे गल्लीचा. त्याला कुणी पाळत नसे, तोच गल्ली पाळत असे. आता लोक फोन करायला लागले. बर्फाळ मुलखातला केसाळ कुत्रा एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं आणला आणि मे महिन्यात त्याच्यासमोर कूलर लावून स्वतः पंख्याखाली झोपायला लागला. "डॉक्टर, हा दिवसभर धापा का टाकतो?" असं तो मला विचारायचा. मी म्हणालो, "शेठ, तुम्ही स्वेटर घालून बसून बघा." त्यानंतर त्यानं मला बोलावलं नाही. दुसऱ्या एका घरी लॅब्राडोरला एकादशीचा उपास होता. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, वर वाटीभर दही. कुत्र्याचं पोट जमिनीला लागायला आलं होतं. "पण श्रद्धेनं खातो हो," म्हणून आजी कौतुक करत होत्या. लॅब्राडोर सगळंच श्रद्धेनं खातो, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

या लोकांना मी हसत होतो, पण त्यांच्याकडे जायला मला आवडायचं, हे आधी कबूल करतो. गोठ्यात माणूस गुडघाभर शेणात उभा असतो, खांद्यापर्यंत हात जनावराच्या आत असतो, आणि मालक बांधावर उभा राहून "लवकर आटपा, पाणी धरायचंय" म्हणत असतो. फ्लॅटमध्ये मला खुर्ची मिळायची. ट्रेमध्ये चहा यायचा. मॅडम "डॉक्टर, तुमचं मत काय?" असं विचारायच्या. माझं मत त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे विचारलं की मी मत देत असे, असो वा नसो.

असंच एक मत मी प्रशांतच्या घरी दिलं.

प्रशांत एका बियाणे कंपनीत कामाला. महिन्याचे पंधरा दिवस फिरतीवर. बायको मनीषा शाळेत शिक्षिका. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. आई वारल्यावर प्रशांतनं वडिलांना अंबडजवळच्या गावाहून आणलं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांची शेती बटईनं दिलेली, वय सत्तरीच्या पुढे, पाय दणकट, आणि फ्लॅटमध्ये करायला काही नाही. सकाळी उठून ते दार उघडायचे, जिन्याकडे बघायचे, दार लावायचे. मनीषाच्या मांजराला लस द्यायला मी गेलो होतो, तेव्हा प्रशांत म्हणाला, "आप्पा बोलतच नाहीत हो कुणाशी. एखादा कुत्रा आणावा का? गावाकडे कुत्री असायची त्यांच्याकडे."

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "कारवानी घ्या."

कारवानी हा आपल्याकडचा शिकारी कुत्रा. उंच, निमुळता, पोट पाठीला लागलेलं, छाती मात्र भात्यासारखी. पूर्वी जहागीरदार लोक हरणामागं, सशामागं सोडत. शिकारीवर बंदी येऊन जमाना झाला, पण मराठवाड्यात हौसेनं पाळणारे अजून आहेत. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकातून हाकलायला उपयोगी पडतो. हा वासावर चालत नाही, नजरेवर चालतो. लांबवर काही हललं की त्याला दिसतं, आणि दिसलं की तो सुटतो.

हे सगळं मी प्रशांतला सांगितलं नाही. मी सांगितलं ते असं: "आपल्या हवेतला आहे. केस गळत नाहीत. भाकरी-दूध खातो. आणि स्वभावानं एकदम शांत. मी पंधरा वर्षं बघतोय. दिवसभर पडून असतो."

यात एकही शब्द खोटा नव्हता. वाटूरजवळ खालेदभाईंचं शेत आहे. त्यांच्या घरी आजोबांपासून कारवानी कुत्री आहेत. त्यांच्या म्हशींसाठी मी पंधरा वर्षं जात होतो. माझा त्या भागातला फेरा दुपारचा. दर वेळी लिंबाखाली चार-पाच कुत्री आडवी पडलेली असायची. एखादं मान वर करायचं, मला बघायचं, परत मान टाकायचं. एवढं शांत जनावर मी पाहिलं नव्हतं.

मी आणि प्रशांत पिल्लू आणायला गेलो. पिल्लू कसलं, सात महिन्यांचा कुत्रा होता, मातकट रंगाचा, पायांच्या नुसत्या काड्या. प्रशांत गाडीत जागा करत होता तेव्हा खालेदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाब, इसको रोटी कम पड़ी तो चलता. दौड़ कम पड़ी तो नै चलता. बराबर बोल देना उनको."

मी मान हलवली. जालन्यापर्यंतच्या रस्त्यात मी प्रशांतला तीन वेळा सांगायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो. शांत कुत्रा असं मी त्याच्या सोफ्यावर बसून ठासून सांगितलं होतं. आता गाडीत मागच्या सीटवर कुत्रा बसलेला असताना मत फिरवायचं म्हणजे डॉक्टरपणाच गेला. शिवाय जनावर विकणारा माणूस जनावराचं कौतुक वाढवूनच सांगतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

प्रशांतला त्याचं नाव रॉकी ठेवायचं होतं. आप्पांनी त्याला उभा-आडवा बघितला आणि म्हणाले, "ह्यो वाऱ्या." त्या दिवशी ते जेवताना दोन वाक्यं जास्त बोलले, असं मनीषानं मला कौतुकानं फोन करून सांगितलं. तिचा कौतुकाचा तेवढाच फोन.

दुसऱ्या आठवड्यापासून जे फोन सुरू झाले ते मला अजून आवाजासकट आठवतात.

"डॉक्टर, त्यानं सोफा खाल्ला."

"खाल्ला का फाडला?"

"फाडला. पण अशा शिस्तीत फाडलाय की आता सोफ्यात काय काय असतं ते मला माहीत झालंय."

मी म्हणालो, चघळायला हाड द्या. हाड दिलं. ते संपवून त्यानं चपलांचं कपाट उघडायला शिकून घेतलं. मी म्हणालो, चेंडू द्या. दिवाणखाना बारा फुटांचा. वाऱ्या एका ढांगेत भिंतीपर्यंत, दुसऱ्या ढांगेत परत. चेंडू टीव्हीमागं, कुत्रा चेंडूमागं, टीव्ही खाली. मांजर कपाटावर राहायला गेलं ते गेलंच; त्याचं जेवण मनीषा स्टुलावर चढून देत असे.

"डॉक्टर, तो ओट्यावर उभा आहे."

"खाली उतरवा."

"मी जेवणाच्या टेबलावर उभी आहे."

सगळ्यात वाईट म्हणजे बाल्कनी. तिसरा मजला, समोर रिकामे प्लॉट, पलीकडं कपाशी. नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्याला आम्ही अख्खा मुलूख दिसेल अशी जागा दिली होती आणि मध्ये लोखंडी जाळी लावली होती. प्लॉटमध्ये डुकरं फिरायची. प्लास्टिकची पिशवी उडायची. शाळेची रिक्षा वळायची. प्रत्येक हलणाऱ्या वस्तूला वाऱ्या आधी ताठ व्हायचा, मग थरथरायचा, मग मान वर करून असा सूर लावायचा की चौथ्या मजल्यावरचे लोक खाली यायचे आणि पहिल्यावरचे वर. मी सांगितलं, पडदा लावा. पडद्याचं काय झालं ते लिहीत नाही.

आप्पा मात्र खूश होते. त्यांना बोलायला माणूस मिळाला होता. सकाळ-संध्याकाळ ते त्याला घेऊन मंठा रोडच्या कडेनं हिंडायचे. म्हातारा माणूस चालणार किती, तर दोन किलोमीटर. वाऱ्याला तेवढं आळस द्यायलाही पुरत नव्हतं. मग आप्पांनी स्वतःच्या डोक्यानं उपाय काढला आणि त्याला गच्चीवर मोकळा सोडला. एप्रिल महिना. गच्चीवर चार घरच्या कुरडया वाळत होत्या. वाऱ्यानं गच्चीला अकरा फेऱ्या मारल्या असं आप्पा सांगतात. कुरडया चारही घरच्या गेल्या. त्यातल्या दोन घरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकूंच्या होत्या. एका घरच्या स्वतःसाठी, एका घरच्या लेकीसाठी केलेल्या.

"कुरडया परत करता येतील," मी काकूंना म्हणालो.

"तुम्ही करा," काकू म्हणाल्या. "गहू मी भिजवून देते."

त्यानंतर आठवड्याभरात आप्पा पडले. रस्त्यापलीकडं डुकराचं पिल्लू पळालं, वाऱ्या सुटला, आणि दोरी आप्पांनी हाताला गुंडाळून घेतलेली. बैलाची दोरी धरायची त्यांची जन्माची सवय. उजवं मनगट मोडलं. दीड महिन्याचं प्लॅस्टर. म्हणजे वाऱ्याचं होतं ते फिरणंही बंद. आता तो चोवीस तास घरात, आणि सोसायटीची नोटीस दारावर.

सोसायटीचे चेअरमन जुन्या जालन्यातले कापडवाले शेठ. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीचा ठराव करायची त्यांना सवय. ठराव असा झाला की कमिटीनं रविवारी सकाळी अकरा वाजता प्रत्यक्ष घरी येऊन कुत्र्याची पाहणी करावी, आणि कुत्रा उपद्रवी वाटल्यास आठ दिवसांत बाहेर.

प्रशांतनं मला शनिवारी बोलावून घेतलं. आप्पा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते, प्लॅस्टरचा हात मांडीवर, डावा हात वाऱ्याच्या मानेवर. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यो गेला तर मी बी गावाला जाऊन राह्यलो. सांगून ठेवतो."

"आप्पा, तिथं तुम्हाला भाकरी कोण करणार? हात असा." मनीषा म्हणाली.

"भाकर मी डाव्या हातानं थापीन. इथं तिन्ही टायमाला जेवायला मिळतं, पण बोलायला कोण हाय? तू शाळेत, ह्यो फिरतीवर. मंग मी काय त्या मांजराशी बोलू? ते तर कपाटावर गेल्तं तवापासून खाली आलं न्हाई."

मनीषा स्वयंपाकघरात गेली. प्रशांतनं मला जिन्यात नेलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "डॉक्टर, उद्या एक तास. फक्त एक तास तो गप्प बसला पाहिजे. काहीतरी द्या. आप्पा गेले तर ते तिथं एकटे मरतील आणि गाव म्हणेल सुनेनं घालवलं."

तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की बाबा, चूक माझी आहे, हा कुत्रा पळायला हवा, पळवा, गप्प बसेल. पण त्यातून मी काय होतो ते उघडं पडलं असतं. शिवाय एका दिवसात काय पळवणार? मी म्हणालो, "देतो."

गुंगीच्या गोळ्या माझ्याकडं होत्या. त्या देण्याचा मला अधिकार नव्हता. वजनावर हिशेब करायचा, एवढं मला माहीत होतं. सव्वीस किलो वजन, दोन गोळ्या. रविवारी सकाळी नऊ वाजता आप्पा आंघोळीला गेले आणि मनीषानं गूळ-भाकरीच्या लाडूत घालून त्या दिल्या. आप्पांना सांगायचं नाही, असं आमचं तिघांचं ठरलं होतं.

अकराला कमिटी आली. चेअरमन, सेक्रेटरी आणि कुरडयांच्या प्रतिनिधी म्हणून कुलकर्णी काकू. वाऱ्या बाल्कनीच्या दारात आडवा पडला होता. चेअरमन आधी दारातच थांबले, मग चार पावलं आत आले, मग खुर्चीवर बसले.

"चावत नाही ना?"

"छे," प्रशांत म्हणाला.

चेअरमननी पायातला बूट हळूच पुढं केला. वाऱ्या हलला नाही. "अरे, हा तर माझ्या पोरापेक्षा शांत आहे. माझा बारा वाजेपर्यंत असाच पडलेला असतो, पण मध्ये मध्ये उलट उत्तर देतो."

"मेलाय का हो?" काकूंनी विचारलं.

"काकू, झोपलाय," मी म्हणालो. "ही जात दिवसा झोपते."

"मग माझ्या कुरडया झोपेत तुडवल्या का?"

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "काकू, कुरडयाचं मी बघतो. हात सुटू द्या. चीक हलवायला मी बी बसतो." काकूंना हसू आलं. पोहे आले. पोहे खाता खाता सेक्रेटरींनी ठराव लिहिला: कुत्रा शांत स्वभावाचा असल्याचे आढळून आले. सबब ठेवण्यास हरकत नाही. आप्पांनी डोळे पुसले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताच्या पालथ्या मुठीनं. मला बरं वाटलं. मला अगदी मनापासून बरं वाटलं, हे सांगायची आज लाज वाटते.

मी घरी येऊन जेवायला बसलो. एक वाजता मनीषाचा फोन. "डॉक्टर, तो उठत नाही."

गेलो तर वाऱ्या त्याच जागी, त्याच कुशीवर. ओठ वर करून बघितले. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. कान गार. श्वास मोजला आणि परत मोजला. पंजात चिमटा घेतला तरी पाय ओढेना. मी जालन्यातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते रविवारचे परतूरला नातेवाइकांकडं गेले होते. माझ्यावर त्यांचा लोभ आहे; अवघड केस मी त्यांच्याकडंच पाठवतो.

"काय दिलं?"

सांगितलं.

"किती?"

सांगितलं.

"कुत्रा कुठला?"

"कारवानी."

ते म्हणाले, "त्याच्या अंगावर चरबी आहे का रे? हात लावून बघ. आहे का? या कुत्र्यांना गुंगीचं औषध इतर कुत्र्यांच्या हिशेबानं देत नाहीत. ते जिरतच नाही लवकर. तुला कुणी सांगितलं होतं कुत्र्यांत हात घालायला?" नंतर आवाज खाली आणून म्हणाले, "ऊब दे. कूस बदलत राहा. जीभ बाहेर ओढून ठेव. मी निघालो."

परतूरहून यायला दीड तास. त्या दीड तासात आप्पांनी स्वतःची चादर आणून वाऱ्यावर घातली आणि फरशीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मनीषा पाणी गरम करून बाटल्यांत भरायची, फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटाशी लावायची, गार झाली की बदलायची. सोफा, पडदा, टीव्ही, सगळं जिचं गेलं ती ही बाई बाटल्या भरत होती. मी दर पाच मिनिटांनी कूस बदलत होतो.

"काय झालंय ह्याला?" आप्पांनी विचारलं.

"ऊन लागलं असेल," प्रशांत म्हणाला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "डॉक्टर?"

मला 'ऊन' म्हणता आलं असतं. प्रशांतचे डोळे तेच सांगत होते. पण कुत्र्याची गार जीभ माझ्या बोटांत होती, आणि ती धरून खोटं बोलणं मला जमेना.

"आप्पा, गोळ्या दिल्या मी. कमिटीसमोर गप्प राहावा म्हणून. जास्त झाल्या."

"किती?"

"दोन."

"कुणी सांगितलं व्हतं?"

"माझंच डोकं." प्रशांत काही बोलायला गेला, मी त्याला हातानं थांबवलं. गोळ्या मागितल्या त्यानं, पण गोळ्यांपर्यंत त्याला मीच आणलं होतं. मग एकदा तोंड उघडलं म्हणून बाकीचंही सांगितलं. खालेदभाई काय म्हणाले होते, मी ते का पोचवलं नाही, मी डॉक्टर नाही, सगळं.

आप्पा वाऱ्याच्या कानामागं अंगठा फिरवत होते. म्हणाले, "आन् ह्यो शांत असतो म्हणले ते?"

"मी तिथं नेहमी बघायचो, आप्पा. पडलेली असायची."

"कवा जायचे तुम्ही?"

"दुपारी."

"दुपारी तर मी बी शांत असतो," आप्पा म्हणाले.

त्यांनी मला एवढंच सुनावलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

मोठे डॉक्टर आले, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, आणि माझ्याकडं एकदाही न बघता बसून राहिले. दिवेलागणीच्या सुमारास वाऱ्याची शेपटी आधी हलली. मग त्यानं डोकं उचललं, ते आप्पांच्या प्लॅस्टरवर आपटलं, आणि पडल्या पडल्या चादरीतच भरपूर मुतला. मनीषा फडकं घेऊन आली आणि पुसायला बसली. पुसता पुसता रडत होती. "आता उद्या काय फाडायचं ते फाड," एवढं मात्र म्हणाली.

निघताना मोठे डॉक्टर जिन्यात मला म्हणाले, "चार दिवस आराम. त्यानंतर याला पळवायचं. गोळ्या लागणार नाहीत." मी परत वर जाऊन आप्पांना ते सांगितलं. आप्पा म्हणाले, "मंग पळवा."

"कोण?"

"मी पळवू का? तुम्ही आणला, तुम्ही पळवा."

पळवायचं कसं हेही मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी मी मोटारसायकल काढली आणि सूर्य उगवायच्या आत वाटूरला खालेदभाईंच्या शेतावर पोचलो. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. लिंबाखाली एकही कुत्रं नव्हतं. थोड्या वेळानं लांबून धूळ दिसली, मग मोटारसायकलचा आवाज आला, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी ती कुत्री आली. मी दुपारी बघत होतो ती हीच. पाय दिसत नव्हते. पाठी नुसत्या आखडत होत्या आणि उलगडत होत्या, आणि गाडीवरचा माणूस मागं पडत होता. खालेदभाई उतरले, मला बघून म्हणाले, "आज देखे तुम हमारे कुत्ते." मग त्यांनी शिकवलं: दोरी गाडीला कधी बांधायची नाही, डांबरी रस्त्यावर पंजे फाटतात, पहिले आठ दिवस जेमतेम चालीनं, मोकळं सोडायचं ते कुंपण असलेल्या रानातच, आणि पळून आल्यावर तासभर भाकरी नाही. काय झालं म्हणून आलात असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तेवढं अजून राहिलं आहे.

तेव्हापासून चार वर्षं झाली. रोज सकाळी साडेपाचला मी मोटारसायकल घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभा असतो. बायपासपलीकडं प्रशांतच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची तारेचं कुंपण घातलेली मोसंबीची बाग आहे, मधून मातीची वाट. प्लॅस्टर सुटल्यापासून आप्पाही मागं बसून येतात. माझं वय पन्नाशीच्या पुढं, पाठीचा मणका सरकलेला, सकाळच्या रेतनाच्या केसेस दुसऱ्याकडं गेल्या. वाऱ्या साडेसातला घरी येतो, भाकरी खातो आणि संध्याकाळपर्यंत बाल्कनीत मेल्यासारखा पडतो. बाहेर डुकरं नाचली तरी मान वर करत नाही.

मी चेअरमनकडंही गेलो होतो. दुकानातच गाठलं. म्हणालो, "शेठ, पाहणीच्या दिवशी कुत्र्याला गुंगी दिलेली होती. तुमचा ठराव खोट्यावर झालाय." ते कापड मोजत होते. मोजणं न थांबवता म्हणाले, "आता कसा आहे?"

"आता खरंच शांत आहे."

"मग झालं. ठराव बदलायचा म्हणजे परत मीटिंग, परत कोरम. तुम्ही येणार का लोकांना गोळा करायला?" काकूंचं मात्र आप्पांनी पाळलं. पुढच्या एप्रिलात ते खरोखर चीक हलवायला बसले, आणि मला सोऱ्या दाबायला बसवलं.

आता कुणी फ्लॅटवाला शिकारी कुत्र्याबद्दल मत विचारतो तेव्हा मी आधी विचारतो, सकाळी साडेपाचला तुमच्या घरात कोण उठतं? बहुतेक वेळा चहा अर्धा राहतो आणि मला परत बोलावणं येत नाही. आप्पांनी मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. ते मला अजून डॉक्टरच म्हणतात. दर वेळी मला ते टोचतं, आणि टोचावं म्हणूनच ते म्हणत असावेत.

गेल्या हिवाळ्यात मला ताप भरला. अंग ठणकत होतं. पहाटे प्रशांतला निरोप टाकला की आज जमत नाही, आणि पांघरूण ओढून घेतलं. सहाच्या सुमारास दार वाजलं. बायकोनं उघडलं. दारात आप्पा, कानटोपी घातलेले, आणि दोरीला वाऱ्या. सोसायटीपासून माझं घर दोन किलोमीटर. शहात्तर वर्षांचा माणूस थंडीत चालत माझ्या तब्येतीची चौकशी करायला आला, असं मला वाटलं. मी कसाबसा उठून बसलो.

"या आप्पा, बसा. ताप उतरतोय आता."

आप्पा बसले नाहीत. वाऱ्या त्यांच्या पायाशी उभा थरथरत होता.

"गाडीची चावी द्या," आप्पा म्हणाले.

"तुम्हाला गाडी कुठं येते, आप्पा?"

"न्हाई येत. पण ह्याला काय सांगू, तुम्हाला ताप हाय म्हणून?"

चावी खुंटीला होती. मी ती त्यांना दिली नाही. बायकोकडं स्वेटर मागितला.